पडलेल्यानं जमिनीवरून उठाले शिकावं

मी चौथी शिकलो. तेवढ्यावर जे लिवता येते ते लिवून राह्यलो. दवाखान्यातल्या नर्सबाईनं सांगतलं, बाबाजी, तुमचं जे झालं ते लिवून पाठवा, वार्डातल्या म्हाताऱ्याइले मी वाचून दाखवीन. म्हणून हे. नाईतर मले तुमच्याशी काही बोलाचं नव्हतं.

तुम्ही आता खाटेवर पडून ऐकून राह्यले असाल. कोणी अंगणात पडला असंल, कोणी विहिरीवर, कोणी धानाच्या बांधावरून घसरला असंल. पोरं येऊन बसत असतीन, म्हणत असतीन का आता तुम्ही काही करू नका. अन् तुम्हाले बरं वाटत असंल. मले माहीत आहे, मी त्याच जागी पडून होतो. तुमची कीव कराले हा कागद नाई. कीव करणारे तुमच्या घरी भरपूर आहेत, अन् तेच तुम्हाले मारतीन.

मी असं एक माणूस मारलं आहे. पह्यले तिचं सांगतो, मग माहं.

*

भागरता माही बायको. पोळ्याच्या सकाळी ती अंगणात शेणाचा सडा टाकत होती. ओल्या शेणावर पाय सरकला अन् कुल्ल्यावर आपटली. हाड मोडलं नाई. निळा डाग पडला, चार दिवस लंगडली, बस. पाचव्या दिवशी बादली घेऊन पुन्हा अंगणात उभी.

मी तिच्या हातातून बादली हिसकली. म्हटलं, एवढी वर्षं राबली, आता बाजेवर बस अन् फक्त हुकूम सोड.

नवी बाज विणून घेतली. सपरीत, म्हणजे घरापुढच्या छपराखाली टाकली अन् तिले तिथी बसवलं. पाणी मी आणू लागलो. आमच्या गावात गडीमाणूस खांद्यावर पाण्याचा गुंड घेऊन विहिरीवर गेला का बाया पदर तोंडाले लावून हासतात. हासल्या. मले त्यातही मोठेपणा वाटला. लटारू माहा लहानपणचा सोबती, शेजारीच राह्यते. तो येता-जाता म्हणे, डोम्या, तू त बुढीले राणी करून ठेवलं. मी फुगत गेलो.

ती म्हणे, जरासे तांदूळ निवडते. मी म्हणे, नाई. ती म्हणे, मागच्या वाडीतून वालाच्या शेंगा आणते. मी म्हणे, पडशीन. एकदा माहा डोळा चुकवून चुलीपर्यंत गेली, त मी सुनेवर ओरडलो का तुम्ही तिले उठू देता काऊन. त्या दिवसापासून शेवंता, माही सून, तिचं पाणीही बाजेवर नेऊन देऊ लागली.

पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत एवढंच चाललं. रोवण्याच्या दिवसात सकाळपासून दिवेलागणीपर्यंत चिखलात वाकून धान लावणारी बाई ती. तिच्या पोटऱ्या गेल्या. बाजेवरून उठाले दोन माणसं लागू लागली. मी गावात सांगत फिरलो, वय झालं तिचं. वय नव्हतं झालं. मी केलं.

संक्रांतीनंतर आम्ही सारे खळ्यावर होतो. बैल फिरवून धान मळणं चाललं होतं. घरात बकरी घुसली म्हणून भागरता बाजेखाली उतरली, अन् दुसऱ्याच पावलाले पडली. सकाळी पडली. आम्ही आलो तेव्हा दिवे लागले होते. दिवसभर ती होती तिथीच होती. कुशीवर होणंसुद्धा तिले आलं नाई. खुब्याचं हाड गेलं होतं. हाड बसवणाऱ्या जाणत्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या, पाला बांधला. महिना नाई काढला तिनं.

आमच्यात जीव जाताना माणसाले बाजेवर राहू देत नाई. सारवलेल्या जमिनीवर घेतात, तोंडात तुळशीचं पान ठेवतात. तिले खाली घेतलं तेव्हा ती शुद्धीवर होती. माह्याकडं पाह्यून म्हणाली, "तुम्ही मले लय जपलं."

तो टोमणा होता का खरं बोलली, मले आजही समजत नाई. कोणी समजावून सांगाले आला त त्याले दारातून हाकलतो.

*

चैतात मी पडलो.

मोहफुलं वेचाले गेलो होतो. झाडाखाली फुलांचा सडा पडलेला, पायाखाली चुरडला का लोण्यासारखा होते. हे आमच्याकडं लहान पोरालेही माहीत आहे. मलेही माहीत होतं. पण मी दोन महिने झोपलो नव्हतो, धोतराचा सोगा लोंबत होता, अन् टोपलं डोक्यावर घेऊन मी वर फांदीकडं पाहत होतो का अजून किती फुलं राह्यली. सोग्यावर पाय पडला अन् मी गेलो. डावा हात खाली सापडला. मनगटाचा आवाज मले ऐकू आला.

लटारू पलीकडच्या झाडाखाली होता. धावत आला अन् पह्यलं काय विचारलं, त फुलं वेचून राह्यला का पिऊन राह्यला. मग हात पाह्यला अन् गावाकडं पळाला.

गावातून बाज आणली. चार जणांनी मले तिच्यावर घालून खांद्यावर घेतलं अन् चालले. थोडं पुढं गेल्यावर माह्या ध्यानात आलं का माहे पाय पुढं आहेत अन् डोकं मागं. मयत असं नेतात. मी ओरडलो, लेकाहो, फिरवा, मी अजून आहो. त्याइले रस्त्यात बाज खाली ठेवून फिरवावी लागली. लटारू म्हणाला का एवढं ओरडते त हा काही मरत नाई. त्यावर बाकीचे हासले. मले हासू आलं नाई. माह्या मनात एकच होतं. भागरता गेली त्याच रस्त्यानं मी लागलो. आता बाज, मग पोटऱ्या जातीन, मग एक दिवस बकरी घरात घुसंल.

तिथून बैलाची बंडी, बंडीतून सडकेपर्यंत, अन् मग मोटारीनं तहसिलीच्या गावी.

*

दवाखान्यात डाक्टरनं हाताले पलिस्तर घातलं. खुब्याले मार होता, पण हाड साबूत होतं. मी भिंतीकडं तोंड करून पडलो. जेवण आलं, खाल्लं नाई. बाजूच्या खाटेवरचा माणूस बोलाले लागला, त्याले म्हटलं, माह्याशी बोलू नको.

तिसऱ्या प्रहरी माहा पोरगा पत्रू आला. उशाशी बसला, पायावरून हात फिरवला. म्हणाला, "बाबा, आता तुम्ही काही करू नका. बाजेवर बसा अन् फक्त हुकूम सोडा."

शब्द माहेच होते. त्यानं सपरीत बसून ऐकले असतीन, ध्यानात ठेवले असतीन. त्याले घरी जा म्हटलं. त्याले वाटलं बाप रागीट आहे. मी भ्यालो होतो.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सबाई आली. वर्ध्याकडची, जाड चष्म्याची, आवाज भांड्यासारखा. म्हणाली, बाबाजी, उठून उभे राहा. मी म्हटलं, काल हाड मोडलं माहं. ती म्हणाली, हाताचं मोडलं, पाय तर दोन्ही आहेत. मी तिले शिवी दिली. गावठी, तिच्या सात पिढ्यांची.

ती म्हणाली, "शिव्या उभं राहून द्या. पडल्या पडल्या दिलेल्या मला ऐकू येत नाहीत."

मी उठलो ते तिले शिवी द्यालेच उठलो. गरगरलं. तिनं धरलं नाई, बाजूले उभी राह्यली. म्हणाली का आधी खाटेच्या काठावर बसाचं, पाय खाली सोडाचे, दहा मोजाचे, मग उठाचं. तुम्ही असेच झटक्यानं उठत असाल, म्हणून पडता.

त्या दिवसापासून त्या बाईनं मले सोडलं नाई. एक लाकडी स्टूल आणून ठेवला. त्याच्यावर हाताचा टेका न देता बसाचं अन् उठाचं, दहा वेळा सकाळी, दहा वेळा संध्याकाळी. खाटेचा गज धरून एका पायावर उभं राह्याचं. व्हरांड्यात फरशीच्या रेघेवरून चालाचं, एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटाले लावून, दारू पिलेल्या माणसाले पोलीस चालवतात तसं. वार्डातले सारे पाहत. एक बुढा म्हणाला, बाबाजीची परीक्षा चालली आहे. मी त्याले म्हटलं का तुही बी येईन, पण तू नापास होशीन, तू उठतच नाई.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या एवढ्या दुखल्या का मी तिले म्हटलं, बाई, तू मले मारून टाकतं. ती म्हणाली, पाय दुखतात म्हणजे जिवंत आहेत.

एका दुपारी काम नसताना ती आली, खाटेजवळ बसली अन् न विचारता माही नखं कापली. भागरता गेल्यापासून कापली नव्हती. त्या दिवशी मी तिले शिवी दिली नाई. एवढंच.

*

आता मुद्द्याचं. यापुढं ध्यान देऊन ऐका, झोपा येत असतीन त बाजूच्यानं उठवा.

एक दिवस ती म्हणाली, बाबाजी, आज खाली झोपा, जमिनीवर. मी विचारलं काऊन. ती म्हणाली, जमिनीवरून उठाले शिकाचं आहे.

मी नाई म्हटलं. ती पुन्हा म्हणाली, मी पुन्हा नाई म्हटलं. तिनं चटई आणून पसरली, त मी ती पायानं सारली. वार्डातले म्हातारेही बोलले का बाई, असं करू नका, बुढ्या माणसाले खाली घेत नाई. तुम्हाले सांगाची गरज नाई, तुम्हीही हेच म्हटलं असतं. आपल्यात म्हातारं माणूस खाली उघड्या जमिनीवर निजते ते एकदाच. कोणी बुढा चुकून खाली पडला त चार जण धावून त्याले उचलून बाजेवर टाकतात, अन् तोही स्वतः हलत नाई, जसा काही निरोप आला आहे. जमीन म्हणजे शेवट, हे आपण लहानपणापासून पाहतो. मी तिले हेच सांगतलं. भागरताले बाजेवर बसवलं, ती दिवसभर पडून राह्यली, मग खाली घेतलं ते सांगतलं, तुळशीच्या पानाचं सांगतलं. तेवढं मी तोपर्यंत कोणालेच सांगतलं नव्हतं.

ती ऐकून घेत होती. मग तिनं विचारलं, तुमची बायको पडली तेव्हा दिवसभर जमिनीवर काय करत होती?

मी म्हटलं, वाट पाहत होती.

ती म्हणाली, "हाड मोडलं होतं, तर त्या दिवशी तिनं उठायचं नव्हतंच, ओरडायचं होतं. पण त्याच्या आधी चार महिने तिला कोणी उठायला शिकवलं असतं, तर ती पडली असती का?"

मी तिच्यावर हात उगारला. पलिस्तराचाच हात होता. ती हलली नाई. मी हात खाली घेतला, चटईवर बसलो अन् मग आडवा झालो. छताकडं पाह्यलं. तिथून छत लय उंच दिसते. भागरतानं सकाळपासून दिवेलागणीपर्यंत आमच्या छपराचं कवेलू असं पाह्यलं असंल.

मग बाईनं शिकवलं ते असं. पडल्यावर घाईनं उठाचं नाई. आधी पडून राह्याचं अन् हातपाय हलवून पाह्याचे. पाय वाकडा झाला असंल, जीव जाईल असं दुखत असंल, त उठाचं नाई, हाका माराच्या, हाताले लागंल ते वाजवाचं, अंगावर काही ओढून घ्याचं. नसंल त कुशीवर व्हाचं. कोपरावर भार देऊन पालथं, मग लहान पोरासारखं गुडघ्यावर रांगत खाटेपाशी नाई त खांबापाशी जाचं. त्याले धराचं, एक पाय पुढं टेकवाचा, अन् त्या पायावर उठाचं. उठल्यावर लगेच चालाचं नाई, बसाचं. पह्यल्या दिवशी मले जमलं नाई. मी चटईवर मारलेल्या सापासारखा वळवळलो. पाचव्या दिवशी जमलं.

*

घरी आलो. येताबरोबर भांडण.

सपरीत बाज तयार होती. तीच. मी पत्रूले म्हटलं, उचल अन् बैलाच्या कोठ्यात टाक. धोतर गुडघ्याखाली चार बोटं, त्याच्या खाली नको. माहा चष्मा पडताना फुटला होता, बाजारातून दुसरा आणला. दारातला पाटा-वरवंटा बाजूले. रोज सकाळी सपरीच्या खांबाले धरून एका पायावर. येणारे-जाणारे म्हणत, बगळा उभा आहे. शेवंताले म्हटलं, सडा मी उठाच्या आधी टाक, नाईतर दारापासून विहिरीपर्यंत कोरडी वाट ठेव. ती म्हणाली, मामाजी, अर्धं सारवलेलं अंगण बरं दिसत नाई, लोक विचारतीन का घरात काय झालं. मी म्हटलं, झालं आहे ते साऱ्याइले माहीत आहे. ती रडली. पण वाट ठेवली.

जमिनीचं मात्र मी कोणाले सांगतलं नव्हतं. लाज वाटे. सारे वावरात गेले का दार लोटून खोलीत खाली पडाचं अन् उठाचं, रोज तीनदा. आषाढात एकदा शेवंता रोवण्यातून मधेच घरी आली, लेकरू तापलं होतं म्हणून. तिनं दार उघडलं. मी सारवलेल्या जमिनीवर उताणा, डोळे मिटलेले, दम घेत होतो.

तिनं जो हंबरडा फोडला तो पलीकडच्या आळीत गेला. मी तोंड उघडाच्या आधी घर भरलं. कोणीतरी तुळशीचं पान तोडून आणलं. एका बाईनं माह्या तोंडात पाणी सोडलं, ते ठसक्यात गेलं, त त्याइले वाटलं शेवटचा श्वास. पत्रू चिखलाच्या पायानं धावत आला अन् मले उचलाले वाकला.

मी म्हटलं, हात लावशीन त याद राख.

सारे मागं झाले. मी तुळशीचं पान थुंकलं. कुशीवर झालो. कोपरावर आलो, पालथा झालो, रांगत खांबापाशी गेलो. सारं गाव पाहत होतं. एक पाय पुढं टेकला. पत्रू पुन्हा पुढं आला, मी त्याच्याकडं पाह्यलं, तो थांबला. मग उठलो. उभा राह्यलो. मग बाजूच्या बुटक्या मोढ्यावर बसलो, कारण बाईनं सांगतलं होतं.

पत्रू चिखलाच्या हातानं तोंड पुसत होता. मी म्हटलं, "तुही माय अशी उठली असती. मी उठू दिलं नाई. आता तू मले बाजेवर बसवाचं नाव काढू नको."

त्यानं मान हलवली. त्यानंतर त्यानं मले बस म्हटलं नाई. वाडीतल्या भाजीले पाणी मी घालतो. बांधावर मी जातो, काठी घेऊन जातो, हळू जातो. घर माहं आहे अन् त्यात मी पायावर आहो.

*

दोन दिवसांनी दुपारी लटारू आला. इकडं-तिकडं पाह्यलं. तंबाखू मळली, मले दिली. मग म्हणाला, दार लाव.

मी लावलं. तो म्हणाला, "दोनदा पडलो बे मी. एकदा मागल्या दिवाळीत, एकदा आता. सांगतलं नाई कोणाले. सांगतलं त पोरं मले बी राजा करून ठेवतीन."

मी त्याले म्हटलं, खाली नीज.

त्यानं जमिनीकडं पाह्यलं. लय वेळ पाह्यलं. या माणसानं रानात वाघाचा माग पाह्यला तेव्हा विडी पेटवली होती. धोतर सावरून बसला, मग आडवा झाला. झाल्याबरोबर त्याचं सारं अंग सैल पडलं, तुमचं पडते तसं. कुशीवर हो म्हटलं, झाला. कोपरावर ये म्हटलं, आला अन् तिथीच अडकला.

"दे हात, डोम्या."

मी नाई म्हटलं.

त्यानं माही माय काढली. मी हात पाठीमागं बांधून घेतले, कारण ते पुढं जात होते. त्याले हात देणं मले लय सोपं होतं. भागरताले चार महिने मी हातच देत होतो.

पाऊण घंटा लागला. खांबाले धरून तो उभा झाला तेव्हा घामानं भिजला होता. पाणीसुद्धा मागितलं नाई. मोढ्यावर बस म्हटलं, नाई बसला. दार उघडून शिव्या देत घरी गेला.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी आला. दार त्यानंच लावलं.